प्रॉक्समॉक्सच्या कर्नेलवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर: पहिल्यांदाच बसवणाऱ्यांसाठी

प्रॉक्समॉक्सवर (एकाच मशीनवर अनेक व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, आणि कंटेनर चालवणारी लिनक्स प्रणाली) चार-पाच कंटेनर नीट चालायला लागले की पुढची इच्छा ठरलेली असते: मशीनमधलं ग्राफिक्स कार्ड कामाला लावायचं. कुणाला जेलीफिन या मीडिया सर्व्हरमध्ये व्हिडिओ ट्रान्सकोड करायचे (दुसऱ्या स्वरूपात बदलायचे) असतात, कुणाला ओलामा या प्रोग्रामवर एखादं भाषा-मॉडेल चालवून बघायचं असतं. साध्या उबुंटूवर चार क्लिकमध्ये होणारं हे काम प्रॉक्समॉक्सवर मात्र अडतं. मग माणूस दहा ठिकाणच्या सूचना एकावर एक चालवत जातो आणि मशीनचा पार गुंता होऊन बसतो.

कारण समजलं की गुंता होत नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर कर्नेलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, भाग म्हणून येत नाही. त्याचं मॉड्यूल (कर्नेलला जोडला जाणारा तुकडा) तुमच्या मशीनवर, तुमच्या कर्नेलसाठी बिल्ड करावं लागतं. लिनक्स कर्नेल आपली आतली रचना आवृत्तीगणिक बदलत असतं, त्यामुळे एका कर्नेलसाठी बिल्ड केलेलं मॉड्यूल दुसऱ्यात लोड होत नाही. आणि प्रॉक्समॉक्सची गंमत अशी की बाकी सगळी प्रणाली डेबियनची, पण कर्नेल डेबियनचं नाही. ते उबुंटूच्या कर्नेलवर आधारलेलं, प्रॉक्समॉक्सने स्वतः तयार केलेलं कर्नेल आहे. त्याच्या नावाच्या शेवटी ‘पीव्हीई’ असतं. डेबियनसाठी लिहिलेली कुठलीही कृती जशीच्या तशी चालवली की नेमकी इथे फसते.

हा लेख प्रॉक्समॉक्स ८ (डेबियन १२ वर) आणि ९ (डेबियन १३ वर) यांच्यासाठी आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. एकेक आज्ञा द्या, तिचं उत्तर वाचा, मगच पुढे जा.

केव्हीएम आणि झेन (व्हीएम चालवायच्या दोन व्यवस्था) यांतला फरक आधीच सांगतो, कारण जुन्या सूचना वाचून बरेच जण घाबरतात. प्रॉक्समॉक्स केव्हीएम वापरतं. केव्हीएम हे नेहमीच्या लिनक्स कर्नेलमधलंच एक मॉड्यूल आहे, २००७ साली २.६.२० आवृत्तीपासून आत आलेलं. ते असल्याने एनव्हिडियाच्या ड्रायव्हरला काहीच फरक पडत नाही. झेनचं तसं नाही. तिथे हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारा थर) खाली बसतो आणि लिनक्स त्याच्यावर चालतं. लिनक्सला जो मेमरीचा पत्ता दिसतो तो खऱ्या रॅममधला पत्ता असेलच असं नाही, आणि ग्राफिक्स कार्डाला तर खराच पत्ता लागतो. म्हणून एनव्हिडियाचा इन्स्टॉलर कर्नेलमध्ये झेन दिसलं की थांबतो. ‘इग्नोर_झेन_प्रेझेन्स=१’ लिहून ही तपासणी वगळता येते, पण त्याने फक्त तपासणी वगळली जाते, पत्त्यांचा प्रश्न सुटत नाही. झेन वापरत असाल तर होस्टवर, म्हणजे मूळ मशीनवर, ड्रायव्हर बसवू नका, कार्ड सरळ एका व्हीएमला देऊन टाका.

लागणारं सामान

- रूट म्हणून लॉगिन, तेही दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने. ड्रायव्हर बदलताना मशीनला जोडलेला मॉनिटर काळा पडू शकतो, एसएसएच चालू राहतं.
- सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर मशीनला प्रत्यक्ष जोडलेला मॉनिटर आणि कीबोर्ड.
- रूट पार्टिशनवर ४-५ जीबी मोकळी जागा.
- महत्त्वाच्या व्हीएम आणि कंटेनरचा बॅकअप, दुसऱ्या डिस्कवर.
- यूपीएस. कर्नेल किंवा इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणारी छोटी फाइलप्रणाली) लिहिलं जात असताना वीज गेली तर मशीन बूटच होणार नाही. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे हे वरवरचं समजू नका.

१. कार्ड कुणाचं, हे आधी ठरवा

एक कार्ड एका वेळी एकाच मालकाचं असतं. कार्ड होस्टकडे ठेवून अनेक कंटेनरांत वाटायचं की पासथ्रू करून अख्खं एका व्हीएमला द्यायचं, हे आताच ठरवा. विंडोजमध्ये गेम खेळायचे असतील तर पासथ्रू करा आणि होस्टवर ड्रायव्हर बसवूच नका. तो व्हीएमच्या आत बसवायचा असतो. कंटेनरांत वापरायचं असेल तर ड्रायव्हर होस्टवर लागतो. पुढचे सगळे टप्पे या दुसऱ्या वाटेचे आहेत.

सध्या कार्ड कुणाच्या ताब्यात आहे ते पाहा:

‘एलएसपीसीआय -एनएनके’

यादीत एनव्हिडियाची ओळ शोधा. चौकटी कंसात १०डीई असा आकडा दिसेल, तो एनव्हिडियाचा ओळख क्रमांक. त्याखालच्या ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ या ओळीत तीनपैकी एक गोष्ट दिसते. ‘नूवो’ म्हणजे कर्नेलसोबत येणारा मुक्त ड्रायव्हर. ‘व्हीएफआयओ-पीसीआय’ म्हणजे पूर्वी कुणीतरी पासथ्रूची तयारी करून ठेवली आहे. ती ओळच नसेल तर कार्ड मोकळं आहे.

‘व्हीएफआयओ’ दिसलं तर ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली उघडून पाहा. ‘ऑप्शन्स व्हीएफआयओ-पीसीआय आयडीज=१०डीई...’ अशी ओळ सापडेल ती काढा. ‘ब्लॅकलिस्ट एनव्हिडिया’ ही ओळ असेल तर तीही काढा. पासथ्रूच्या सूचनांत ती हमखास असते, आणि नंतर ड्रायव्हर बरोबर बिल्ड होऊनही लोड होत नाही तेव्हा या ओळीची आठवण कुणालाच राहत नाही. एखाद्या व्हीएमच्या हार्डवेअर पानावर हे कार्ड जोडलेलं असेल तर तिथूनही काढा. नाहीतर ती व्हीएम सुरू होताच होस्टच्या हातातून कार्ड निघून जाईल.

२. कार्डाची पिढी आणि ड्रायव्हरची शाखा जुळवा

सगळ्यात नवा ड्रायव्हर सगळ्या कार्डांना चालतो, हा समज चुकीचा आहे. ड्रायव्हरच्या आवृत्तीतला पहिला आकडा म्हणजे त्याची शाखा.

जीटीएक्स ६०० आणि बहुतेक ७०० मालिका, म्हणजे केप्लर पिढी, ४७० शाखेवर थांबली. त्या शाखेचा आधार २०२४ मध्ये संपला, त्यामुळे नव्या कर्नेलशी तिचं जमणं दिवसेंदिवस अवघड होत जाणार. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुनं कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून केप्लर घेऊ नका. नव्या प्रॉक्समॉक्सवर त्याच्यासाठी घालवलेला वेळ कार्डाच्या किमतीपेक्षा महाग पडतो.

जीटीएक्स ७५०, ९०० आणि १००० मालिका, म्हणजे मॅक्सवेल आणि पास्कल. यांच्यासाठी ५८० ही शेवटची शाखा. ट्रान्सकोडिंगसाठी १०५० टीआय किंवा १०६० अजूनही चांगलं काम देतात, फक्त ५८० च्या पुढे जायचं नाही.

जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० पासून पुढे, म्हणजे ट्युरिंग आणि नंतरच्या पिढ्या. या कार्डांसाठी एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये कर्नेल मॉड्यूलचा कोड खुला केला. इन्स्टॉलर आता दोन पर्याय विचारतो: ‘एनव्हिडिया प्रोप्रायटरी’ आणि ‘एमआयटी/जीपीएल’. ट्युरिंग आणि पुढच्या कार्डांना दुसरा निवडा. आरटीएक्स ५० मालिकेला दुसराच चालतो, पहिला निवडलात तर कार्ड ओळखलंच जाणार नाही. पास्कल आणि त्याआधीच्या कार्डांना नेमकं उलट, पहिलाच लागतो. खुलं आहे ते फक्त कर्नेल मॉड्यूल. कुडा (कार्डावर गणितं करून घेण्याची एनव्हिडियाची व्यवस्था) आणि एन्कोडिंगच्या लायब्ररी दोन्ही पर्यायांत बंदिस्तच आहेत.

३. रिपॉझिटरी दुरुस्त करा आणि प्रणाली अद्ययावत करा

प्रॉक्समॉक्स नव्याने टाकल्यावर त्यात सशुल्क एन्टरप्राइझ रिपॉझिटरी (पॅकेजचं भांडार) चालू असते. वर्गणी भरलेली नसेल तर ‘एपीटी अपडेट’ दिल्यावर ४०१ची चूक येते, आणि पुढे हेडरचं पॅकेज ‘सापडत नाही’ असं सांगितलं जातं. वेबपानावर डावीकडे आपला नोड निवडा, ‘अपडेट्स’ आणि त्याखाली ‘रिपॉझिटरीज’ उघडा. एन्टरप्राइझची ओळ बंद करा, ‘नो-सबस्क्रिप्शन’ची जोडा. मग:

‘एपीटी अपडेट’
‘एपीटी फुल-अपग्रेड’

प्रॉक्समॉक्सवर नुसतं ‘एपीटी अपग्रेड’ कधीच देऊ नका. त्यात आधी बसलेलं पॅकेज काढायची परवानगी नसते, आणि काही अपडेटसाठी जुनं पॅकेज काढावंच लागतं. त्यामुळे प्रणाली अर्धवट अद्ययावत होते.

आता मशीन रीस्टार्ट करा. हा टप्पा गाळू नका. नवं कर्नेल डिस्कवर आलेलं असतं पण चालू असतं जुनंच. अशा वेळी मॉड्यूल एकासाठी बिल्ड होतं आणि लोड करायची वेळ दुसऱ्यावर येते.

४. हेडर आणि बिल्डची साधनं

मॉड्यूल बिल्ड करायला कर्नेलच्या हेडर फाइली, म्हणजे त्याच्या आतल्या रचनेचं वर्णन असलेल्या फाइली, लागतात. सर्वांत जास्त लोक इथे अडकतात, म्हणून थोडं सविस्तर.

‘एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल डीकेएमएस प्रॉक्समॉक्स-डिफॉल्ट-हेडर्स’

डेबियनच्या सूचनांत ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ असं पॅकेज दिलेलं असतं. ते बसतंही, चूक वगैरे काही येत नाही. पण त्या डेबियनच्या कर्नेलच्या हेडर फाइली असतात आणि तुमचं मशीन प्रॉक्समॉक्सच्या कर्नेलवर चालत असतं. इन्स्टॉलर म्हणतो हेडर सापडत नाहीत, तुम्ही म्हणता आत्ताच तर बसवले. दोघांचंही खरं असतं. प्रॉक्समॉक्स ७ आणि त्याआधी या पॅकेजचं नाव ‘पीव्हीई-हेडर्स’ होतं, त्यामुळे जुन्या लेखांत ते दिसेल.

‘डिफॉल्ट’ असलेलंच पॅकेज घ्या. ते स्वतः रिकामं असतं, पण पुढे मुख्य कर्नेल अद्ययावत झालं की त्याच्या जोडीचे हेडर आपोआप आणतं. फक्त एका ठरावीक आवृत्तीचे हेडर घेतलेत तर पुढच्या महिन्यात कर्नेल बदलेल, हेडर जुनेच राहतील, आणि रीस्टार्टनंतर ड्रायव्हर गायब झालेला असेल. ‘काल चालत होतं, आज बंद’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथेच सापडतं.

मुख्य कर्नेल सोडून दुसरं, म्हणजे पर्यायी नवं किंवा मुद्दाम पिन केलेलं (बूटसाठी पक्कं ठरवलेलं) जुनं, चालवत असाल तर त्याचे हेडर वेगळे मागावे लागतात. ‘युनेम -आर’ दिल्यावर जे नाव येईल, समजा ६.८.१२-४-पीव्हीई, ते ‘प्रॉक्समॉक्स-हेडर्स-’ याच्या पुढे जोडा आणि ते पॅकेज बसवा.

झालं की खात्री करा:

‘एलएस /लिब/मॉड्यूल्स/$(युनेम -आर)/बिल्ड/’

‘मेकफाइल’, ‘इन्क्लूड’, ‘स्क्रिप्ट्स’ अशी नावं दिसली तर हेडर बरोबर जागी आहेत. ‘नो सच फाइल’ आलं तर पुढे जाऊच नका. पुढची प्रत्येक चूक याच चुकीचं रूप असेल.

डीकेएमएस म्हणजे नवं कर्नेल आलं की मॉड्यूल आपोआप पुन्हा बिल्ड करणारी व्यवस्था. डेल कंपनीने २००३ साली ती सुरू केली. ती नसेल तर प्रत्येक कर्नेलनंतर तुम्हाला ड्रायव्हर हाताने बसवावा लागेल.

५. नूवो बंद करा

‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी/ब्लॅकलिस्ट-नूवो.कॉन्फ’ या नावाची फाइल करा आणि त्यात दोन ओळी लिहा:

‘ब्लॅकलिस्ट नूवो’
‘ऑप्शन्स नूवो मोडसेट=०’

मग:

‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’

आणि रीस्टार्ट. इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करणं आवश्यक आहे, कारण नूवो डिस्क माउंट होण्याच्या आधीच तिथून लोड होऊ शकतो. त्या वेळी तुमची नवी फाइल त्याला दिसतच नाही. रीस्टार्टनंतर ‘एलएसमॉड’च्या यादीत नूवो दिसता कामा नये.

६. ड्रायव्हर बसवा

डेबियनच्या रिपॉझिटरीतही ड्रायव्हर मिळतो. मी तरी होस्टसाठी एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरची ‘.रन’ फाइलच सुचवेन. कारण साधं आहे: होस्टवर आणि प्रत्येक कंटेनरमध्ये ड्रायव्हरची आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत तीच लागते. कंटेनर कधी डेबियनचा असतो, कधी उबुंटूचा, आणि प्रत्येकाच्या रिपॉझिटरीत आवृत्ती वेगळी. एकच फाइल सगळीकडे वापरली की तो प्रश्न उरत नाही. ही फाइल जपून ठेवा, पुन्हा लागणार आहे.

आधी रिपॉझिटरीतून बसवून पाहिलं असेल तर ती सगळी पॅकेज काढून टाका. दोन्हींच्या लायब्ररी मिसळल्या की काय तुटलं ते शोधणं फार कठीण होतं.

फाइलला ‘सीएचमॉड +एक्स’ने चालवण्याची परवानगी द्या आणि तिच्या नावापुढे ‘--डीकेएमएस’ जोडून चालवा. निळ्या-करड्या पडद्यावर प्रश्न येत जातील:

- मॉड्यूलचा प्रकार: टप्पा २ मध्ये ठरवला तो.
- ३२-बिट लायब्ररी: नको.
- एक्स सर्व्हरची लायब्ररी कुठे आहे हे अंदाजाने ठरवलं, अशी सूचना: ओके म्हणा. होस्टवर डेस्कटॉप नाही, त्यामुळे तिचा संबंधच नाही.
- एक्स कॉन्फिगरेशन बदलू का: नको.
- इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करू का: हो.

मॉड्यूल बिल्ड होताना काही मिनिटं टक्केवारी सरकत राहते. मध्येच थांबून चूक आली तर पडद्यावरच्या ओळीवरून अंदाज बांधत बसू नका. ‘/व्हार/लॉग/एनव्हिडिया-इन्स्टॉलर.लॉग’ उघडा आणि पहिली ‘एरर’ शोधा. शेवटची नव्हे, पहिली. बाकीच्या तिच्यामुळे आलेल्या असतात. हेडर नसल्याची ओळ असेल तर टप्पा ४ वर परत जा. एखादं फंक्शन किंवा स्ट्रक्चर सापडत नाही, त्याला दिलेल्या गोष्टींची संख्या जुळत नाही, अशी कम्पायलरची तक्रार असेल तर तुमच्याकडून काही चुकलेलं नाही: कर्नेल त्या ड्रायव्हरपेक्षा नवं आहे. त्याच शाखेतली सर्वांत अलीकडची आवृत्ती घ्या, तीही बसली नाही तर जुन्या कर्नेलवर बूट करा.

७. सिक्युअर बूट चालू असेल तर

‘मॉकयुटिल --एसबी-स्टेट’ देऊन पाहा. ‘डिसेबल्ड’ आलं तर हा टप्पा सोडा.

चालू असेल तर कर्नेल फक्त ओळखीच्या किल्लीने सही केलेलं मॉड्यूल स्वीकारतं. तुम्ही बिल्ड केलेल्या मॉड्यूलवर डीकेएमएस स्वतःच्या किल्लीने सही करतो, पण ती किल्ली मशीनला अजून माहीत नसते. अशा वेळी सगळं नीट बसलेलं दिसतं आणि लोड करताना ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर येतं. किल्लीची नोंद करा:

‘मॉकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/डीकेएमएस/मॉक.पब’

एक पासवर्ड विचारला जाईल. तो एकदाच लागणार आहे, सोपा आणि फक्त अक्षरांचा ठेवा. आता मशीनजवळ जाऊन बसा आणि रीस्टार्ट करा. लिनक्स सुरू होण्याआधी निळा पडदा येतो आणि दहापासून उलटी मोजणी चालू होते. त्या दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबायचं. मग ‘एन्रोल मॉक’, ‘कन्टिन्यू’, ‘येस’, पासवर्ड आणि शेवटी ‘रीबूट’. दहा सेकंद हुकली तर मशीन काहीच न बोलता नेहमीसारखं सुरू होतं, विनंती रद्द होते, आणि ‘इम्पोर्ट’पासून पुन्हा सुरुवात. एसएसएचने हा पडदा दिसत नाही. म्हणून कपाटात किंवा माळ्यावर ठेवलेल्या सर्व्हरला मॉनिटर-कीबोर्ड आधीच जोडून ठेवा.

८. होस्टवर तपासणी

‘एनव्हिडिया-एसएमआय’ द्या. चौकटीत कार्डाचं नाव, तापमान, मेमरी दिसली की ड्रायव्हर चालू आहे. ‘पर्फ’ या रकान्यात काम नसताना पी८ दिसायला हवं. पी० म्हणजे कार्ड पूर्ण वेगात आहे. उजवीकडे वर ‘कुडा व्हर्जन’ असा आकडा असतो. तो पाहून कुडा बसलेलं आहे असं समजू नका. हा ड्रायव्हर कुडाची कुठपर्यंतची आवृत्ती पेलू शकतो, एवढंच तो सांगतो.

‘कुडन्ट कम्युनिकेट विथ द एनव्हिडिया ड्रायव्हर’ असं आलं तर मॉड्यूल लोड झालेलं नाही. ‘मॉडप्रोब एनव्हिडिया’ हाताने देऊन पाहा, लगेच ‘डीमेसेज’ वाचा. (टाइप करताना त्याचं स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी.) नूवोने किंवा आणखी कुणी कार्ड आधीच धरून ठेवलं असेल तर तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ आलं तर मेमरीत जुनं मॉड्यूल आहे आणि डिस्कवर नव्या लायब्ररी. होस्ट रीस्टार्ट केला की जुळतं.

‘एनव्हिडिया-एसएमआय -पीएम १’ देऊन पर्सिस्टन्स मोड चालू ठेवा. डेस्कटॉप नसलेल्या मशीनवर कार्ड वापरणारा शेवटचा प्रोग्राम बंद झाला की ड्रायव्हर कार्डाची तयारी मोडतो आणि पुढच्या वेळी पुन्हा सगळी करतो. हा मोड चालू असला की दर वेळचा तो खोळंबा टळतो. रीस्टार्टनंतर मात्र तो पुन्हा द्यावा लागतो.

९. कंटेनरमध्ये कार्ड पोचवा

कंटेनरला स्वतःचं कर्नेल नसतं, तो होस्टचंच वापरतो. म्हणून आत मॉड्यूल बसवायचं नाही. दोनच गोष्टी आत न्यायच्या: डिव्हाइस फाइली आणि लायब्ररी.

होस्टवर ‘एलएस -एल /डेव्ह/एनव्हिडिया*’ द्या. नेहमीच्या फाइलींत जिथे आकार दिसतो तिथे इथे दोन आकडे दिसतात. ‘एनव्हिडिया०’पुढे १९५ आणि ०, ‘एनव्हिडियासीटीएल’पुढे १९५ आणि २५५. हा १९५ ठरलेला आहे. ‘एनव्हिडिया-यूव्हीएम’चा पहिला आकडा मात्र कर्नेल सुरू होताना मिळेल तो घेतो, आणि तो बदलू शकतो. जुन्या सूचनांमध्ये हे आकडे कंटेनरच्या कॉन्फिग फाइलीत हाताने लिहायला सांगतात. मग एखाद्या रीस्टार्टनंतर कुडा बंद पडतं आणि कारण सापडत नाही.

प्रॉक्समॉक्स ८ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत आणि ९ मध्ये याहून चांगली सोय आहे. कंटेनर निवडा, ‘रिसोर्सेस’, ‘ॲड’, ‘डिव्हाइस पासथ्रू’. तिथे एकेक करून ‘/डेव्ह/एनव्हिडिया०’, ‘/डेव्ह/एनव्हिडियासीटीएल’, ‘/डेव्ह/एनव्हिडिया-यूव्हीएम’ आणि ‘/डेव्ह/एनव्हिडिया-यूव्हीएम-टूल्स’ या फाइली जोडा. आकडे प्रॉक्समॉक्स स्वतः पाहून घेतं, आणि अनप्रिव्हिलेज्ड (होस्टवर रूटचे अधिकार नसलेल्या) कंटेनरमध्येही हे चालतं. जेलीफिनसारखा प्रोग्राम आत रूट म्हणून चालत नाही, म्हणून ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये प्रवेश-मोड ०६६६ द्या.

एक अडचण मात्र इथे हटकून येते. होस्ट नुकताच सुरू झालेला असताना ‘यूव्हीएम’ची फाइल अस्तित्वातच नसते. होस्टवर कुणी कुडा वापरेपर्यंत ती तयार होत नाही. त्यामुळे आपोआप सुरू होणारा कंटेनर ‘डिव्हाइस नाही’ म्हणून सुरूच होत नाही, आणि तुम्ही लॉगिन करून दोन-चार आज्ञा दिल्या की मात्र व्यवस्थित सुरू होतो. उपाय म्हणून होस्टवर एक छोटी सिस्टमडी सर्व्हिस करा. तिचा प्रकार ‘वनशॉट’, चालवायची आज्ञा ‘एनव्हिडिया-मॉडप्रोब -सी=० -यू’, आणि ‘बिफोर’मध्ये ‘पीव्हीई-गेस्ट्स.सर्व्हिस’ लिहा, म्हणजे कंटेनर सुरू व्हायच्या आधी ती पूर्ण होते. पर्सिस्टन्स मोडची आज्ञाही याच सर्व्हिसमध्ये टाकता येते.

आता लायब्ररी. ‘पीसीटी पुश’ने तीच ‘.रन’ फाइल कंटेनरमध्ये पाठवा आणि आत चालवताना ‘--नो-कर्नेल-मॉड्यूल’ हा पर्याय जोडा. तो विसरलात तर इन्स्टॉलर आत मॉड्यूल बिल्ड करायला बघेल आणि हेडर नाहीत म्हणून थांबेल.

आत ‘एनव्हिडिया-एसएमआय’ चाललं म्हणजे काम झालं असं मात्र नाही. त्याला ‘यूव्हीएम’ लागत नाही. कुडाला आणि ओलामाला लागतं. चौकट दिसते, पण मॉडेल सीपीयूवरच रखडत चालतं, अशी अवस्था असेल तर यूव्हीएमची फाइल आत पोचली आहे का ते पाहा. आणि चौकटीच्या खालच्या भागात प्रोसेसची यादी आत रिकामी दिसते, त्याने गोंधळू नका. कार्ड कोण वापरतंय ते होस्टवरून पाहायचं.

कंटेनरच्या आत डॉकर चालवणार असाल तर एनव्हिडिया कंटेनर टूलकिट बसवा आणि ‘/ईटीसी/एनव्हिडिया-कंटेनर-रनटाइम/कॉन्फिग.टॉमल’ या फाइलीत ‘नो-सीग्रुप्स’ची किंमत ‘ट्रू’ करा. अनप्रिव्हिलेज्ड कंटेनरला सीग्रुप (कुणाला कोणती साधनं वापरता येतील हे ठरवणारी कर्नेलची व्यवस्था) बदलायची परवानगी नसते, त्यामुळे हे न केल्यास डॉकर सीग्रुपच्या चुकीवर अडतो.

१०. पुढचं प्रत्येक कर्नेल अपडेट

अपडेटनंतर आणि रीस्टार्टच्या आधी ‘डीकेएमएस स्टेटस’ द्यायची सवय लावून घ्या. नव्या कर्नेलच्या नावासमोर ‘इन्स्टॉल्ड’ दिसलं तरच रीस्टार्ट करा.

सगळ्यात धोकादायक परिस्थिती अशी: नव्या कर्नेलवर मॉड्यूल बिल्ड होत नाही, डीकेएमएस चूक देतो, आणि त्यामुळे कर्नेलचं पॅकेजच अर्धवट राहतं. कर्नेल बसल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टांमध्ये डीकेएमएसचा नंबर आधी लागतो, इनिटरॅमएफएस आणि बूट मेन्यूची पाळी नंतर येते. पहिली अडली की पुढच्या चालतच नाहीत. म्हणजे एपीटीच्या शेवटी लाल अक्षरांत ‘डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर’ दिसत असेल तर रीस्टार्टला हात लावू नका. ‘/व्हार/लिब/डीकेएमएस/एनव्हिडिया’खाली आपल्या आवृत्तीच्या ‘बिल्ड’ फोल्डरमध्ये ‘मेक.लॉग’ असतो, तो वाचा. मग ‘डीकेएमएस रिमूव्ह’ने ड्रायव्हरची नोंद काढा आणि ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ द्या. कर्नेल पूर्ण बसेल. त्यानंतर नव्या आवृत्तीचा ड्रायव्हर टाका, किंवा जुन्याच कर्नेलवर थांबा.

जुन्यावर थांबायचं असेल तर ‘प्रॉक्समॉक्स-बूट-टूल कर्नेल लिस्ट’ने यादी पाहा आणि ‘प्रॉक्समॉक्स-बूट-टूल कर्नेल पिन’च्या पुढे हव्या त्या कर्नेलचं पूर्ण नाव द्या. ‘अनपिन’ने ते सुटतं. पिन काढायचं लक्षात ठेवा, नाहीतर सुरक्षेच्या दुरुस्त्या डिस्कवर येत राहतील आणि मशीन मात्र जुन्याच कर्नेलवर चालत राहील.

होस्टचा ड्रायव्हर बदलला की प्रत्येक कंटेनरमध्येही त्याच दिवशी तीच आवृत्ती टाका. क्रम असा ठेवा: कार्ड वापरणारे कंटेनर बंद करा, होस्टवर नवी ‘.रन’ फाइल चालवा (जुनी आवृत्ती ती स्वतः काढते), होस्ट रीस्टार्ट, मग एकेक कंटेनर सुरू करून आत लायब्ररी. कार्ड वापरात असताना इन्स्टॉलर चालवला तर मॉड्यूल मेमरीतून निघत नाही आणि काम अर्धवट राहतं.

आणि नकोच झालं, कार्ड व्हीएमला द्यायचं ठरलं, तर होस्टवर ‘एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’ चालवा, कंटेनरांच्या ‘रिसोर्सेस’मधून डिव्हाइस फाइली काढा, टप्पा ९ मधली सर्व्हिस बंद करा, इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करा आणि रीस्टार्ट करा. नूवोची ब्लॅकलिस्ट मात्र तशीच राहू द्या, पासथ्रूलाही ती लागतेच.